बरडावरच्या विहिरीचा श्वास

आमची एक विहीर श्वास घेते. हे वाक्य मी एकदा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बोलून गेले आणि त्यानंतर माझी जी थट्टा सुरू झाली, ती काही केल्या थांबेना. ‘काय मॅडम, विहिरीची सर्दी बरी झाली का?’ हसा, बापड्यांनो, हसा. मी भंडाऱ्यात भौतिकशास्त्र शिकवते, मंत्रतंत्र नाही. विहीर श्वास घेते हे खरं आहे आणि त्यात भुताखेताचं काही नाही हेही खरं आहे. निदान त्या उन्हाळ्यापर्यंत मी हे छातीठोकपणे सांगत असे.

आमचं गाव अड्याळच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. तलावाखालच्या बांध्यांत धान होतो, तिथे पाण्याची चिंता नाही. ही विहीर मात्र वरच्या अंगाला, बरडावर, नुसत्या मुरमात. पाणी वाढावं म्हणून बाबांनी तिच्या पोटात चहूबाजूंनी आडवे बोअर मारून घेतले होते. पाणी वाढलं ते नावापुरतंच. उन्हाळ्यात विहीर आटली की भिंतीतली ती भोकं उघडी पडतात आणि त्यांतून आवाज यायला लागतो. फार मोठा नाही. गाढ झोपलेल्या माणसाजवळ बसल्यावर येतो तेवढाच. सकाळी येतो, दुपारीही येतो. आत ओढून राहिली की बाहेर सोडून राहिली, हे कानाला कळत नाही. शेजारी मोहाचं चांगलं दाट झाड आहे, पण मजूर बाया त्याच्या सावलीत शिदोरी सोडत नाहीत. उन्हात बसतील, तिथे बसणार नाहीत.

आवाजाचं कारण साधं आहे. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. चढला की बाहेरची हवा त्या भोकांतून खडकाच्या फटींत शिरते, उतरला की आतली हवा बाहेर येते. पण ही आतली हवा मातीत, मुळांत, काळोखात राहून आलेली असते. तिच्यात जीव नसतो. शिवाय ती जड, त्यामुळे विहिरीच्या तळाशी साचून राहते. तिला ना वास, ना रंग. तिच्यात उभा राहिलेला माणूस खोकतही नाही, नुसता खाली बसतो.

त्या वर्षी भावानं गाळ काढायचं ठरवलं.

मला एकच भाऊ. माझ्याहून बराच मोठा. आई-बाबा गेल्यावर त्यानंच मला शिकवलं. मी भंडाऱ्याला होस्टेलवर होते तेव्हा रोज पहाटे तो अड्याळच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरजवळ माझा डबा द्यायचा, वहिनीनं बांधलेला. आणि आमच्याकडे रीत अशी, की गाळ काढायला पहिला घरधनी उतरतो. आपण वर उभं राहून मजुराला आधी खाली सोडणं म्हणजे पाप. रीत चांगलीच आहे, मी तिला नाव ठेवत नाही. पण आमच्या घरी घरधनी म्हणजे भाऊ. एक जण विहिरीत उतरला, वर आला नाही; त्याला काढायला दुसरा उतरला, तोही राहिला; असल्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचलेल्या. मला सरळ भीती वाटली, की माझा भाऊ त्या विहिरीत मरेल.

मी गावी गेले आणि भांडले.

“भाऊ, तिथं खराब हवा आहे. तू नको उतरू.”

“अवं बाई, दिवा सोडून पाहतो ना आपण. दिवा जळला तं उतराचं, विझला तं नाही. बाबाच्या टायमापासून असंच चालून राहिलं.”

“दिवा सोडता तुम्ही सकाळी, पूजेच्या वेळेला. मग सारे जेवता, लोळता आणि उतरता दुपार कलल्यावर. सकाळच्या दिव्याला दुपारचं काय माहीत?”

“उपाशीपोटी विहिरीत कोनी उतरते काय?” वहिनी आतून म्हणाली. ती माझ्यावर चिडली नव्हती, पण रीत मोडायची गोष्ट तिला पसंत नव्हती.

भाऊ थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, “बरं, तू येवढी शिकली. तूच मशीन लावून सांग मले, कवा उतरू. तू सांगशील तवाच उतरीन.”

झालं. माझ्याच गळ्यात घोंगडं आलं.

मी दोन छोटे डबे आणले, आकडा आणि वेळ दोन्ही लिहून ठेवणारे. एक विहिरीजवळच्या झोपडीत मयालीला, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडाला टांगला. तो हवेचा दाब लिहून ठेवी. दुसरा दोरीनं विहिरीच्या तळाजवळ सोडला. तो त्या खराब हवेचं प्रमाण लिही. दोन्ही डबे बरेच दिवस तसेच राहू दिले. भाऊ येता-जाता वाकून खालच्या डब्याला विचारायचा, ‘काय गा, जेवला काय?’

मग डबे मी भंडाऱ्याला नेले. त्यांतून दोन लांबलचक आलेख निघाले. नुसते एकावर एक ठेवून पाहिले तर काही समजत नाही. वादळ आलं, ऊन तापलं, ढग आले, सगळ्याचा गोंधळ त्यात मिसळलेला असतो. म्हणून आम्ही आलेख उकलतो, त्यातल्या हळू लाटा आणि जलद लाटा वेगवेगळ्या करतो. मग प्रत्येक लाटेपुरतं दोन्ही आलेखांना दोनच प्रश्न विचारायचे. तुमची लय एक आहे का? आणि एक असेल, तर पुढे कोण, मागे कोण? माझी आई आणि काकू एका उखळात धान कांडायच्या. दोघींची लय एकच, पण एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. मला नेमकं तेवढंच पाहायचं होतं. दाब चढतो तेव्हा विहिरीतल्या विषाचं प्रमाण वर जातं की खाली?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाहून मी खुर्चीत मागे सरकले. लय एक आहे की नाही हे आम्ही शून्य ते एक अशा आकड्यात सांगतो. शून्य म्हणजे काही संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण एकजीव. बारा तासांच्या लाटेवर तो आकडा जवळजवळ एकच आला. इतकं एकमत मी नवराबायकोत पाहिलं नाही, भावाभावात पाहिलं नाही. वर आभाळ, खाली ते काळं भोक, आणि दोघं एकमेकांना धरून चाललेली. कारण मला ठाऊक होतं, मीच ते पोरांना शिकवते. तरी मी खोलीतला दुसराही दिवा लावला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या उलट आलं. पुस्तकाप्रमाणे दाब उतरतो तेव्हा, म्हणजे दुपार कलताना, विष वाढायला हवं. माझ्या आलेखात ते सकाळी वाढत होतं आणि दुपारी उतरत होतं. मी विचार केला. खडकाच्या फटींतून हवा यायला वेळ लागत असेल, म्हणून ती उशिरा येत असेल. पुस्तक ते पुस्तक आणि मोजलेलं ते मोजलेलं. पोरांना मी दरवर्षी हेच सांगते, की शंका आली तर मोजलेल्यावर विश्वास ठेवा.

मी भावाला फोन केला. “दुपारी उतर. दुपारी हवा साफ असते.”

“म्हंजे आमचीच रीत बरोबर निंगाली ना!” तो इतका हसला, की मलाही हसू आलं. वहिनीनं फोन हिसकून घेतला आणि म्हणाली, “तरी मी कमरेले दोर बांधल्याबिगर सोडत नाही ह्यायले. तुमची मशीन तुमच्यापाशी.”

उतरायच्या दिवशी सकाळी त्याचा पुन्हा फोन आला. पूजा झाली होती, नारळ फुटला होता. बादलीत दिवा ठेवून तळापर्यंत सोडला तर ज्योत हललीसुद्धा नव्हती. “मस्त जळला, बाई. जसा देवघरात जळते.”

मी म्हटलं, “छान.” आणि फोन ठेवल्यावर काहीतरी टोचलं. माझ्या आलेखाप्रमाणे सकाळी तळाशी विष भरलेलं असायला हवं. मग दिवा देवघरातल्यासारखा कसा जळला? पण मी स्टाफरूममध्ये होते, मला पेपर तपासायचे होते. एखादा दिवस वेगळा असेल, असं म्हणून मी लाल पेन उचललं.

पेपर संपले तोवर जेवायची वेळ टळून गेली होती. टोचणी गेली नव्हती. म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि आधी कधी केलं नव्हतं ते केलं. फक्त बारा तासांची लाट न बघता सगळ्या लाटा एका कागदावर मांडल्या. कोणत्या लाटेत विहीर आभाळापेक्षा किती मागे-पुढे आहे, एवढंच. खडकामुळे उशीर होत असेल तर हे ठिपके वाकडेतिकडे पडायला हवेत, कारण खडक प्रत्येक लाटेला वेगळा वेळ लावतो. ठिपके वाकडे पडले नाहीत. पट्टीनं आखल्यासारखे एका ओळीत बसले.

अशी ओळ खडक काढत नाही. अशी ओळ घड्याळ काढतं. एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा कायम तेवढंच चुकलेलं असेल, तर आणि तरच. किती चुकलंय ते ओळीच्या चढावरून काढता येतं. मी काढलं. साडेपाच तास.

साडेपाच तास म्हणजे काय हे आपल्या देशात कोणालाही सांगावं लागत नाही. झोपडीतला डबा मी माझ्या फोनवरून लावला होता, त्यात आपली वेळ होती. विहिरीतला डबा कारखान्यातून आला तसाच मी दोरीला बांधला होता आणि तो सगळे दिवस तिकडे, आपल्या साडेपाच तास मागच्या ग्रिनिचच्या वेळेनं लिहीत होता. दुपारचे चार तो सकाळचे साडेदहा म्हणून लिही. बारा तासांच्या लाटेत साडेपाच तास सरकले म्हणजे जवळजवळ अर्धा फेरा. वरचं मुसळ खाली दिसतं, खालचं वर. विष सकाळी नव्हतंच. विष दुपारी होतं, दुपार कलताना, पुस्तकात लिहिलं होतं तसंच. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या.

भावाचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. वहिनीला लावला. ‘आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं...’ अगं बाई, गप ना! पुन्हा लावला, तेव्हा लागला.

“वहिनी, भाऊ कुठे आहे?”

“उतरले ना आत्ताच. काहून?”

“ओढा त्याला! आधी ओढा, मग बोला!”

“अवो पन...”

“खाली विष आहे वहिनी, ओढा त्याला!”

तिनं फोन टाकला, पण बंद केला नाही. मी सगळं ऐकलं. ती त्याला हाका मारत होती. मग गडी म्हणाला, “मालक बसले जी खाली. झोपल्यासारखे दिसून राहिले. मी उतरू काय?” आणि मी स्टाफरूममध्ये उभी राहून गळा फाटेस्तोवर ओरडत होते, “कोणी उतरू नका! कोणीच उतरू नका!” कठड्यावर पडलेल्या फोनमधून ते कोणाला ऐकू जाणार होतं? पण वहिनीला ते सांगावं लागलं नाही. “दोर धर मेल्या, दोर!” ती ओरडली. मग नुसते कण्हण्याचे आवाज, बायामाणसांचे, आणि रहाटाची करकर. आणि त्या सगळ्यांच्या मागे, अगदी शांत, तो दुसरा आवाज. आत-बाहेर, आत-बाहेर; एरवी कानाला न कळणारं ते आता स्पष्ट कळत होतं. फोन विहिरीच्या कठड्यावर होता, त्यामुळे तोच सगळ्यांत जवळून येत होता. माणसं ओरडत होती, माझा भाऊ खाली पडला होता आणि त्या आवाजाची लय तसूभर बदलली नाही. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नाही.

मी अड्याळच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दिवस मावळत होता. भाऊ कॉटवर होता, नाकातोंडावर ऑक्सिजन. जिवंत होता. वहिनी पायथ्याशी बसली होती. दोन्ही तळवे दोरानं सोलून निघालेले, त्यावर कोणीतरी पांढरा मलम थापलेला. तिनं मला पाहिलं आणि जवळ ये म्हणून मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी रडले. तिनं कोपरानं माझं डोकं दाबून धरलं; हातानं धरता येत नव्हतं.

थोड्या वेळानं भावानं डोळे उघडले. आम्ही दोघी उठून त्याच्यावर वाकलो. त्यानं मास्क बाजूला केला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला वाटलं, आता म्हणेल, वाचलो बापा.

“काहून काढलं मले, बाई?” तो म्हणाला.

मी म्हटलं, “भाऊ, अरे मेला असतास तू.”

“किती मस्त झोप लागली होती. आधी ती श्वास घे, मंग मी घेवो. मंग ती, मंग मी.” त्याचं बोलणं रुसलेल्या पोरासारखं होतं. “मंग दोघायचा एकच झाला. वेगळा कराची गरजच नाही राहिली. कायले काढलं तुमी?”

वहिनीनं ते ऐकलं. मास्क पुन्हा नीट बसवला, आपल्या सोललेल्या हातानं, आणि पाणी आणते म्हणून बाहेर गेली. माठ तिथेच, आत, तिच्या पायाशी होता.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा कमी पडली की माणूस असं बडबडतो, विसरून जाईल. मलाही तेच वाटलं. आणि खरंच, आठवडाभरात तो पूर्वीसारखा झाला. जेवायला लागला, बांध्यांवर जायला लागला, मला चिडवायला लागला. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, जाळीला कुलूप लावलं, किल्ली वहिनीनं मंगळसूत्रात ओवून घेतली.

पावसाळ्याआधी मी पुन्हा गावी गेले. दुपारी जेवलो, आडवे झालो. दुपार कलली तसा भाऊ उठला, चप्पल न घालताच निघाला. वहिनी त्याच्यामागे निघाली, मी तिच्यामागे. तो बरडावर गेला आणि कठड्याला टेकून, जाळीवर गाल ठेवून बसला. डोळे मिटलेले. चेहरा इतका निवांत, की मला पाहवेना. विहिरीचा आवाज चालू होता. आम्ही दोघी मोहाच्या झाडाखाली उभ्या राहिलो, जिथे कोणी उभं राहत नाही.

“रोज?” मी विचारलं.

“रोज. घड्याळ पाहाची गरज नाही मले.” मग ती म्हणाली, “बाई, तुमच्याकडे ते मशीन आहे ना. कोन पुढं, कोन मागं, सांगते ते. ह्यायच्या छातीले एक डबा बांधा, विहिरीत एक सोडा. अन् सांगा मले. हे आमच्याकडे येऊन राहिले का तिकडं जाऊन राहिले.”

ते करता आलं असतं. छातीला बांधायचा पट्टा मिळतो, दुसरा डबा माझ्याकडे होताच, घड्याळंही आता मी दहादा तपासली असती. मी भावाच्या छातीकडे पाहिलं. वर होत होती, खाली होत होती. मी विहिरीकडे कान दिला. मग पुन्हा छातीकडे पाहिलं. आणि मग मी दुसरीकडेच पाहायला लागले, कारण दोघांची लय एक होती, आणि तेवढ्यावरूनच मला दिसायला नको ते दिसायला लागलं होतं.

“नको वहिनी,” मी म्हटलं. “नाही करत मी ते.”

वहिनीनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिला माझं उत्तर मिळालं होतं. ती सावलीतून निघाली, त्याच्या शेजारी खाली मातीत बसली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, माझ्यादेखत, पायवाटेनं येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत. आमच्या घरात चारचौघांत नवऱ्याचा हात धरून बसलेली बाई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.